तारखेपुढचं शून्य

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न नऊ तारखेला ठरलं. पत्रिका मोबाइलवर पाठवायची म्हणून मी एक छोटं वेबपेज केलं. आठला हळद, नऊला लग्न, अकराला पूजा. कार्यक्रम तारखेप्रमाणे लागावेत म्हणून जावास्क्रिप्टला सांगितलं होतं, की एकआकडी तारखेपुढे शून्य लाव. ०८, ०९, ११. दिसायलाही नीटनेटकं. मुरबाडपासून भातसानगरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना लिंक गेली.

संध्याकाळी धसईहून नवऱ्या मुलाच्या मामांचा बाबांना फोन आला. लग्नाच्या तारखेपुढे शून्य कशाला? आहेराच्या पाकिटातसुद्धा आपण वर एक रुपया घालतो, शेवटी शून्य येऊ नये म्हणून; इथे तर ते सुरुवातीलाच बसलंय. बाबा नुसते हो हो म्हणत राहिले. बहिणीचं याआधी एक लग्न ठरून मोडलं होतं, तेही असल्याच फुटकळ कारणावरून. तेव्हापासून मुलाकडचा फोन वाजला की घरात सगळे हातातलं काम टाकून कान देतात.

मी बाबांना समजावायला गेलो, की कॉम्प्युटरला ते लागतं.

"लगीन काय कॉम्प्युटरचं हाय?" बाबा म्हणाले.

चिडून मी शून्य काढलं. लॅपटॉपवर बघतो तर पूजा लग्नाच्या आधी जाऊन बसलेली. मी तारखा अक्षरांसारख्या जुळवत होतो, आणि त्या हिशेबात अकरातला पहिला एक आठाच्या आधी येतो. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर शून्य लावलं होतं! बाबा ओटीवर येरझाऱ्या घालत होते. मामा पुन्हा फोन करतील या धास्तीने कोडमधला साधा कंस दोनदा चुकला. शेवटी शून्य आत हिशेबापुरतं ठेवलं आणि दाखवताना गाळलं. आता फक्त नवं पेज चढवायचं बाकी होतं.

तेवढ्यात चुलीपुढे भाकऱ्या थापणारी बहीण पिठाच्या हातांनीच माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"नको काढू," ती म्हणाली. "आज शून्य नको, उद्या मी नको म्हणतील. मोडायचं तर आताच मोडू दे."

मला भयंकर राग आला. तिचा नाही, मामांचा, बाबांच्या हो हो म्हणण्याचा आणि माझ्या निमूट काढून टाकण्याचा. मग त्यालाच विचार, असं मी म्हटलं. तिने ओढणीला हात पुसले आणि नवऱ्या मुलाला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, बाबांना ऐकू जाईल असा. बाबा चालायचे थांबले.

"पत्रिकेत तारखेपुढं शून्य हाय. तुमाला चालंल का?"

"कसलं शून्य गो?" तो म्हणाला. "मी नुसतं तुझं नाव बघितलं."

तिने घाईघाईने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन मागल्या दारी गेली. तव्यावरची भाकरी करपली, कुणी बघायला गेलं नाही. परत आली तेव्हा ती हसत होती. घरात तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी बघत होतो.

"काढ रे दादा ते शून्य," ती म्हणाली. "मामांना बरं वाटंल."