औंदा तू मर

आमच्या पवनीच्या धनंजयचं मोबाइलचं दुकान हाये, पन गाव त्याले डायरेक्टरच म्हनते. दरसाल दिवाळीमांगच्या मंडईच्या जत्रेले तो पडदा बांधून आपला पिच्चर दाखवते, अन दरसाल तऱ्हा निराळी. पयल्या साली भुताचा, दुसऱ्या साली रडवनारा, तिसऱ्या साली पोलिसाचा. औंदा काय हाये, हे पोस्टर लागेपर्यंत तो कोनाले सांगत नाई. म्हनूनच त लाखनीपासून लोकं येतात. पोट्टा हुशार हाये, मी नाई म्हनत नाई.

पन मी, त्याच्या शेजारची कुंताबाई, त्याच्या साऱ्या पिच्चरात हाये अन साऱ्यात मरते. भुताच्यात पयले मेली, मंग भूत झाली. रडवनाऱ्यात पोराची वाट पाहात मेली. पोलिसाच्यात त पिच्चर सुरू झाला तवाच मी मरून पडली होती. बजारात बाया इचारतात, "काय वो, औंदा कशानं?" मले असा संताप येते! धानाच्या रोवन्यात मी दोन शब्द बोलली का बांधीतल्या बाया हातातला रोपायचा पऱ्हा सोडून हासतात. हे त्याले काहून दिसत नाई?

औंदा हासवनारा पिच्चर हाये असं समजलं. मी नवं लुगडं नेसून त्याच्या आंगनात गेली. त धनंजय म्हने, "काकी, पयल्याच मिनटाले तुमी पाय घसरून मरता. बाकी सारा गोंधळ तुमच्या तेरवीचा."

"अन मी?"

"तुमचा फोटो राहीन ना, हार घालून."

अंगाची आग झाली माह्या. "सारं बदलवते तू, माहं मरन काहून नाई बदलवत रे?"

"लोकायले तुमचं मरन पटते, काकी."

"मंग औंदा तू मर. मी रडते."

 त्यानं शूटिंगचा मोबाइल बायकोच्या, रिताच्या हातात देला अन सतरंजीवर आडवा झाला. मी त्याच्यावर चादर टाकली, उशाशी बसली अन मयताच्या घरी बाया सूर लावून रडतात तसा सूर धरला. "तीन साल मले मारलं रे बापू! चहाबी थंडाच पाजला रे बापू! आता कोन मारन मले रे!" पिच्चरातल्या तेरवीत रडाले बोलावलेल्या बाया तोंडात पदर कोंबून हासाले लागल्या. मंग चादरच हालाले लागली.

मी चादर ओढली. त्याच्या डोळ्यातून पानी वाहून राहिलं होतं.

"ऊठ," मी म्हनलं. "एक खेप मेला अन हासला. मी तीन खेप मेली, पापनी हालू नाई देली."