दुसरा प्याला

पाळकसाहेबांनी माझ्या आईच्या ओठांपुढून चांदीचा प्याला मागे घेतला.

प्रभुभोजनाचा रविवार होता. पुढच्या बाकांवर मास्तर, कंपाउंडर, त्यांच्या बायका. ख्रिस्ती होण्याआधी त्यांचे आजे कोण होते, ते अजून कौतुकानं सांगायचे. आम्ही मागे, चटईवर. माझा बाप निघोज्याच्या महारवाड्यातून येशूकडे आलेला. पुढचे सगळे एकाच प्याल्यातून प्याले. पाळकसाहेब दर वेळी कड फडक्यानं पुसत होते. आईपाशी आले, तो प्याला मेजावर ठेवला आणि पितळेचा दुसरा उचलला.

"साहेब, त्यो का न्हाई?"

"लोकांना संसर्ग होतो, बाई."

"व्हय, साहेब." आई प्याली.

मी उठले. बाहेर गेले, भिंतीशी ओकले.

उपासना सुटल्यावर मी त्यांना गाठलं. "हे देवानं सांगितलंय?"

ते हसले. "चौथी शिकलीस ना? मग बायबलातला जुना करार वाच. पहिल्या पानापासून. प्रार्थना कर, देव मार्ग दाखवील. मग ये माझ्याकडे."

त्यांना वाटलं, ही दहा पानांत दमेल.

मी तेव्हा पिंपरीला वीटभट्टीवर होते. कारखान्याच्या इमारती उठत होत्या, विटा पुरत नव्हत्या. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन मी वाचत बसायची. सोबतीला गोदाक्का, बीडकडची, माझ्यासारखीच चिखल तुडवणारी. तिला अक्षर येत नव्हतं. ती विचारायची, मी सांगायची.

"मिसर देशात देवाचे लोक गुलाम हुते. विटा पाडायचे. मुकादमानं भुसा देणं बंद केलं, पन विटा तेवढ्याच मागितल्या."

गोदाक्काचा घास थांबला. "आन् देव कुठं हुता?"

"ते वरडले, तवा त्यानं ऐकलं."

"त्याच्याआधी त्याला दिसत न्हवतं व्हय?"

मी पान उलटलं.

पुढे नियम लागले. कोण शुद्ध, कोण अशुद्ध. बाळंतीण किती दिवस विटाळलेली. कोणाला शिवलं तर कपडे धुवायचे. वाचता वाचता अंगावर काटा आला. हा तर आमच्याच गावचा कायदा! ज्या घाणीतून बाप उठून आला, ती इथंही मांडून ठेवलेली. पुस्तक चिखलात फेकावंसं वाटलं. आणि तसं वाटलं म्हणून भीतीही वाटली. रोज गुडघे टेकायची. देवा, मार्ग दाखव. माझ्या मनातली ही शिसारी काढ. तो बोलला नाही. एकदाही नाही.

तरी वाचत राहिले. लढाया, राजे, कत्तली. बाया लुटीत वाटून घेतलेल्या. पुस्तकाच्या शेवटाकडे एक मेंढपाळ संदेष्टा भेटला. त्याच्या तोंडून देव सांगतो की तुमच्या सणांची मला घाण येते, तुमची गाणी बंद करा, आधी न्याय करा.

मी ते तीनदा वाचलं. देवालाच किळस आली होती! आणि मी वर्षभर माझी किळस पाप म्हणून त्याच्यापुढे रडत होते.

पुढच्या प्रभुभोजनाला पितळेचा प्याला आईपुढे आला. मी तिचा हात धरला. उभी राहिले. "साहेब, सगळं वाचलं. माझ्या आईच्या तोंडाची घाण देवाला येत न्हाई. तुमच्या ह्या मेजाची येते."

कुणीतरी म्हणालं, "हिला बाहेर काढा."

आईनं माझा हात झटकला. खाली मान घालून प्याली. मी एकटीच बाहेर पडले.

आठवड्यानं पाळकसाहेबांचा निरोप आला. सगळ्यांसमोर माफी माग, मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम देतो. मी उलटा निरोप धाडला. माफी तुम्ही मागा. माझ्या आईची.

त्यांनी मागितली नाही. दोन वर्षं आई माझ्याशी धड बोलली नाही, दर महिन्याला तिथं जाऊन पीत राहिली. तापानं गेली, तेव्हा पाळकसाहेब झगा घालून दारात आले. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. ते म्हणाले, "मग मिशनच्या जागेत माती मिळणार नाही."

"नको."

तिला निघोज्याला नेलं. महारवाड्याच्या जागेत पुरलं. भट्टीवरच्या बायांनी खड्डा खणला. मीच बायबल वाचलं, मीच माती लोटली. आईला हे आवडलं नसतं. मला माहीत आहे. तरी केलं.

आता मी देवाला मार्ग विचारत नाही. डोळ्यांना दिसतं, ते त्याला काय विचारायचं? जिथं माणसाच्या तोंडाची घाण वाटते, तिथं मी गुडघा टेकणार नाही. आत देव स्वतः बसला असला तरी.