रंगाखालचं बघणारा माणूस

गोल्फच्या मैदानामागे, गवत कापायच्या यंत्रांच्या शेडला लागून, स्टिक दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानाच्या मालकाला सगळे तोंडावर 'मिस्त्री' म्हणत आणि पाठीमागे 'खरवड्या'. त्याला दोन्ही नावं माहीत होती. पाठीमागचं नाव जास्त खरं, कारण ते लोक पाठीमागे म्हणतात, असा त्याचा हिशेब होता.

कोणी कसलीही स्टिक आणो, नुसतं मुठीचं रबर बदलायला का आणेना, खरवड्या आधी ती खिडकीपाशी न्यायचा. चष्मा कपाळावर चढवायचा आणि बारीक पात्याने स्टिकच्या डोक्यावरचा रंग नखाएवढा खरवडायचा. आतला धातू उघडा पडला की त्यावर बोट फिरवायचा, कानाशी धरून टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "ठीक दिसतंय." 'ठीक आहे' असं त्याने कोणाला म्हटल्याचं ऐकिवात नाही.

गिऱ्हाईक कळवळायचं. "अहो मिस्त्री, रूपच घालवलंत की तिचं!"

"रूप चेंडूला दिसत नाही," खरवड्या म्हणायचा. "चेंडूला डोळे असते तर मीही रंगाची काळजी केली असती."

हा स्वभाव काही त्याला पाळण्यात मिळाला नव्हता. फार वर्षांपूर्वी एक छान चकचकीत स्टिक त्याच्याकडे आली होती. त्याने मूठ बदलून दिली, बाकी काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सरावाच्या पट्टीवर कोणीतरी ती जोरात फिरवली आणि डोकं मानेतून तुटून सुसाट निघालं. त्याची बायको तिथे चेंडू वेचायच्या कामावर होती. तिच्या कानाला वारा घालून ते डोकं मागच्या खिडकीत घुसलं. तुटलेल्या मानेत रंगाखाली भेग होती आणि भेगेत कोणीतरी पुट्टी भरून ठेवली होती. आईचा हात धरून त्यांची लहानगी मुलगी शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून खरवड्याच्या मनात शिरलेली पाल काही बाहेर पडली नाही.

पुढे पुढे ती पाल कुठेही चुकचुकायला लागली. डॉक्टर हसून बोलले की हा घरी येऊन म्हणायचा, दुखणं मोठं दिसतंय. शेजाऱ्याने "काय, बरं आहे ना?" विचारलं की हा उलट विचारायचा, "का?" बायकोने या सगळ्याला केव्हाच हात टेकले होते.

अशा माणसाच्या दुकानात त्याच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, रंगकाम सुरू केलं. दुकानाचा पुढचा अर्धा भाग त्याने घेतला. झिजलेल्या, ओरखडलेल्या स्टिका घासायच्या, नवा रंग द्यायचा, वर बारीक रेघ ओढायची. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि आठवड्याने परत येऊन सांगायचं, "अहो, आता चेंडू लांब जातो!"

खरवड्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. स्टिक तीच, दांडा तोच, मारणारा तोच, मग चेंडू लांब जातोच कसा? कुठेतरी पाणी मुरतंय. मेहुणा गुपचूप डोक्यात शिसं भरत असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. मेहुणा जेवायला गेला की हा रंगाच्या आधी आणि नंतर स्टिका तराजूत घालायचा. वाढ व्हायची ती रंगाच्या वजनाइतकीच. एवढ्याने मेहुणा निर्दोष ठरत नव्हता. तो फार हुशार आहे, एवढंच सिद्ध होत होतं.

खरी पंचाईत झाली ती मुलीची. पोर आता मोठी झाली होती, छान खेळायची, आणि मैदानावर नवशिक्यांना शिकवणाऱ्याची एक जागा निघाली होती. जागा एकच. परीक्षा मैदानाच्या कडेला, तीन परीक्षकांसमोर. झेंड्यांनी आखलेल्या पट्ट्यात चेंडू पाडून दाखवायचे. या जागेसाठी ती शाळेत असल्यापासून झुरत होती. इथे नाही जमलं तर दूरच्या गावच्या मैदानावर नशीब काढायला जाईन, असं तिने घरात सांगून टाकलं होतं. आईचा चेहरा उतरला होता आणि बापाची झोप उडाली होती.

आणि नेमकी याच वेळी तिची लांब मारायची स्टिक बिघडली. ड्रायव्हर म्हणतात तिला, सगळ्यांत मोठ्या डोक्याची. चेंडू उजवीकडच्या झाडीत जायला लागला. एकदा नाही, दोनदा नाही, सारखाच. खरवड्याने स्टिक शिकंज्यात धरली, दांडा वाकवून बघितला, मूठ काढून परत बसवली, डोक्यावर पुन्हा एकदा पातं चालवलं. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

मग त्याचा संशय मेहुण्यावर गेला. भाचीवर प्रेम दाखवत यानेच दांडा बदलला असणार. खरवड्याने दांड्यावर मुठीच्या रबराखाली पेन्सिलीची खूण करून ठेवली. खूण जागच्या जागी राहिली. मग संशय पोरीवरच गेला. तिलाच ही जागा नको असेल, मनात दुसरंच काही असेल. ताकास तूर लागू देत नाही, आईवर गेलीये.

एके सकाळी मैदान उघडायच्या आधी तो चेंडूंच्या टोपल्यांमागे दडून बसला. या वयात उकिडवं बसणं सोपं नव्हतं, पण शहानिशा तर करायलाच हवी होती.

पोर आली. तिच्याकडे दोन ड्रायव्हर होते. एक गिऱ्हाईकाचा, मामाने रंगवलेला, गडद हिरवा, आरशासारखा. तो तिने चेंडूमागे टेकवला, खाली बघितलं आणि मारला. चेंडू सरळ. पुन्हा मारला. सरळ. मग तिने स्वतःचा घेतला. टेकवला, खाली बघितलं, उचलला. अंगठ्याने डोक्यावरचं काहीतरी पुसलं. परत टेकवला, परत उचलला. शेवटी मारला तो झाडीत.

"दांडा कोणी बदलला?" खरवड्या टोपल्यांमागून उठत म्हणाला.

पोर केवढ्याने दचकली. "बाबा! तुम्ही तिथे काय करताय?"

"माझं सोड. दोन्ही स्टिका मी मोजल्यात. लांबी तीच, वजन तेच. एक सरळ जाते आणि एक झाडीत. का?"

तिने आपल्या स्टिकचं डोकं त्याच्यापुढे धरलं. काळ्या रंगावर खरवडल्याचे पांढुरके डाग होते, एकाशेजारी एक.

"चेंडूकडे बघायला मान खाली घातली की आधी हेच दिसतं."

"ओरखडे आहेत नुसते. त्यांनी चेंडूला काय फरक पडतो?"

"चेंडूला नाही पडत. मला पडतो. तुम्ही इथे काय शोधत होतात?"

"भेग."

"सापडली?"

"नाही."

"मग शेजारी पुन्हा का खरवडलंत? आणि परवा परत?"

"नसल्याची खात्री नको का करायला?"

"मग झाली खात्री?"

खरवड्याचा अंगठा पुन्हा त्या डागांवरून फिरला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ती सगळी जगाची कामं, असं तो मानायचा.

"बघा. तुमची नाही झाली, तर माझी कशी होणार?" पोर म्हणाली. "तुम्ही काही उगाच नाही ना खरवडत. तुम्हाला संशय आहे म्हणजे आत काहीतरी असणारच. खाली बघितलं की मला वाटतं, हे डोकं आता तुटणार आणि उडणार. समोर आई चेंडू वेचत असते. ऐन वेळी हात आखडतो, बाबा. मी काय करू?"

मेहुणा, दांडा, मूठ, सगळे सुटले होते आणि चोर घरातच सापडला होता. खरवड्याने पोरीच्या हातून स्टिक घेतली, ती थेट दुकानाच्या पुढच्या भागात नेली आणि मेहुण्यासमोर ठेवली.

"रंग दे हिला. चांगला दे."

मेहुण्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "भाऊजी, डाव काय आहे?"

"कसला डाव?"

"तुम्ही आपणहून रंग मागताय. मला पकडायचंय का कशात?" संशयी माणसाबरोबर राहून त्यालाही लागण झाली होती. सगळं ऐकल्यावर मात्र तो मवाळ झाला. "देतो. पण एक अट. रंग बसला की तुम्ही तिला हात लावायचा नाही. परीक्षा होईपर्यंत."

खरवड्याने मान डोलावली. ती सहज डोलली, पण पुढचा दिवस जाता जाईना. स्टिक निळीशार होऊन आकड्याला लटकत होती आणि तो दुकानात येरझाऱ्या घालत होता. रंगाखालचा धातू त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. पण मधे आपण चहाला गेलो होतो. तेवढ्यात? काय सांगावं! नाही राहवलं तेव्हा त्याने खणातून पातं काढलं आणि आकड्यापाशी गेला. एवढंसं, खालच्या बाजूला, तिला दिसणारही नाही.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला. "ते डोकं माझ्या कानाजवळून गेलं होतं की तुमच्या?"

तो वळला. ती दारात चेंडूंची टोपली कमरेवर घेऊन उभी होती.

"मी दुसऱ्याच दिवशी परत तिथे उभी राहिले. आजही रोज राहते. मला नाही भीती वाटत. मग माझ्या नावाने तुम्ही कशाला घाबरता? आणि घाबरायचं तर घाबरा, पोरीला कशाला घाबरवता?"

खरवड्याने पातं खणात टाकलं. त्या दिवशी तो दुकानात पुन्हा फिरकला नाही.

परीक्षेला तो बायकोबरोबर दोरीच्या अलीकडे उभा राहिला. पोर पुढे झाली. तिने निळी स्टिक चेंडूमागे टेकवली, खाली बघितलं. पण तिने स्टिक उचलली. उलटी करून तळ बघितला. स्टिकची मान उजेडाकडे धरून बघितली. दांडा फिरवून पुन्हा वरून बघितलं. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने घड्याळाकडे पाहिलं.

ती काय शोधतेय ते त्या गर्दीत फक्त खरवड्याला कळलं. बापाने कुठे खरवडलंय ते ती शोधत होती. सापडत नव्हतं म्हणून अजून घाबरत होती. शेवटी तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

खरवड्याने दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. "मी हात लावलेला नाही!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "खरंच! बोटसुद्धा नाही!"

लोक हसले. हा काय म्हणतोय हे कोणालाच कळलं नाही. पोरीचे खांदे मात्र खाली आले. तिने स्टिक टेकवली आणि मारली. चेंडू झेंड्यांच्या मधोमध जाऊन पडला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

जागा तिला मिळाली. तिथेच सांगितलं त्यांनी. बायकोने टोपली टाकून पोरीला मिठी मारली, मेहुण्याने शिट्टी वाजवली. खरवड्यालाही आनंद झाला, एवढा की डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. पण त्या आनंदाच्या आत काहीतरी रुतून बसलं होतं. एवढं आयुष्य त्याने तिला काही होऊ नये म्हणून खरवडण्यात घालवलं होतं. आणि तिला धीर आला तो बापाने हात लावलेला नाही, हे ऐकून.

पोर धावत आली. परीक्षक तिला सही करायला बोलावत होते.

"बाबा, धरा ना जरा ही," तिने निळी स्टिक पुढे केली.

खरवड्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "मामाकडे दे."