डोहातली काठी

डिंगोऱ्याच्या बौद्धवस्तीत जयंतीची सुरुवात अंजनाच्या गाण्यानं व्हायची. पाहुण्यांचे हार नंतर, भाषणं त्याहून नंतर. तिचा गळा गोड होता आणि तिला ते ठाऊक होतं. उगीच नम्रपणाचं सोंग तिला कधी जमलं नाही.

गाणं तिनं सासूच्या, सारजाबाईच्या आठवणींवरून बांधलं होतं. सारजाबाईचा सासरा गावचा येसकर. घुंगरं लावलेली काठी आपटत संध्याकाळी दारोदार जायचं, लांब उभं राहायचं आणि वरून टाकतील ती भाकर घ्यायची, हे त्याच्या नशिबी. धम्म घेतला तेव्हा वस्तीनं ती काठी नेऊन नदीच्या डोहात बुडवली. सारजाबाई तेव्हा नवी नवरी होती. 'बुडाली गं काठी डोहाच्या पाण्यात, ताठ झाली मान माझी भर उन्हात,' असं अंजना म्हणायची आणि सगळ्या बाया मागून ओळ उचलायच्या.

दोन हजार चार साली पुण्याहून जाहिरातवाले आले. जाहिरात साबणाची होती. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबानं अंगणात बसून गाणं ऐकलं, डोळे पुसले आणि आम्ही सामाजिक बदलच दाखवतोय, असं सांगितलं. अंजना विरघळली. आपल्या माणसांनी काठी बुडवली हे साऱ्या महाराष्ट्राला कळावं, एवढीच तिची हाव होती. साबणाचा आणि काठीचा काय संबंध, असं तिच्या नवऱ्यानं, रवींद्रनं विचारलं. तिनं त्याला गप्प केलं.

शूटिंगला त्यांनी चकचकीत घुंगरांची काठी आणली. आधी भाकर मागायची, मग काठी डोहात टाकायची, असं ठरलं. काठी हातात घेताना अंजना थबकली. असली वस्तू वस्तीत पोरांच्या खेळातसुद्धा कुणी येऊ देत नसे. पण बुडवायची तर आधी धरायला नको का, असा हिशेब तिनं स्वतःच मांडला. मूळची सावळी असून कॅमेऱ्याला ती पुरेशी काळी दिसेना, म्हणून तोंडाला काळं फासलं. तेही तिनं सोसलं. शेवटी तिनं काठी अशी भिरकावली की साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जाहिरात लागणार त्या दिवशी जयंती मंडळाचे अध्यक्ष भागुजी यांच्या घरी सगळी वस्ती टीव्हीपुढं जमली. पडद्यावर काळीकुट्ट अंजना काठी वाजवत दारात भाकर मागत होती. दार बंद झालं. मग फेस आला. फेसातून भलतीच एक गोरीपान मुलगी निघाली, स्कूटरवर बसली आणि तेच दार तिच्यासाठी उघडलं. चाल अंजनाचीच, गळा मुंबईच्या कुणा बाईचा: 'बुडाला गं काळा रंग फेसाच्या पाण्यात, ताठ झाली मान माझी भर उन्हात.' खाली लिहिलं होतं, बदल घडवा.

काठी बुडवल्याचं पुढं दाखवतील, या आशेवर अंजना मधली मालिका संपेपर्यंत बसून राहिली. पुन्हा तीच जाहिरात लागली, तेवढीच. भागुजींनी टीव्ही बंद केला. माणसं एकेक करून उठून गेली, आणि लाजेनं अंजना सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडली.

वर्षभर ती कुढली. जयंतीला खरं गाणं म्हणू, म्हणजे खोटं आपोआप पुसलं जाईल, अशी तिनं मनाची समजूत घातली. माईक हातात घेतला आणि पहिली ओळ म्हटली. बायांनी ओळ उचलली नाही. पुढं बसलेल्या लहान मुलींनी मात्र टाळ्या पिटत ओळ उचलली, काळा रंग आणि फेस. त्या वस्तीतल्याच सावळ्या पोरी होत्या. त्यात थट्टा नव्हती. त्यांना गाणं खरोखरच तेवढंच माहीत होतं आणि ते आवडतही होतं.

अंजनानं माईक खाली ठेवला. भागुजींनी घाईघाईनं कॅसेट लावायला सांगितली.

ती सासूशेजारी जाऊन बसली. सारजाबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं अंजनाचा हात आपल्या हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "आमी ती बुडवली व्हती गं. तू कशापायी वर काढलीस?"

त्यानंतर अंजना कधी गायली नाही.