कोरी सोडलेली जागा

घाटकोपर स्टेशनबाहेर जिन्याखाली बसणाऱ्या टायपिस्ट काकांना गणित येत नसे, पण ऐंशीच्या दशकात आमचे एमएस्सीचे प्रकल्प तेच टाइप करत. "कंस सुरू, कंस बंद," असं पुटपुटत राहत. चिन्हांसाठी जागा कोरी सोडत. ती आम्ही पेनाने भरायची.

माझ्या संदर्भसूचीवर त्यांचे हात थांबले.

"काय रे, हा लेख पान ३१२ ते २९८? उलटा वाचतोस काय?"

"नजरचूक झाली, काका."

"गेल्या वर्षीच्या पोराचीपण हीच नजरचूक. त्याच्या आधीच्याचीपण."

सूची मी जुन्या प्रकल्पातून उतरवली होती. तो लेख पाहिलाच नव्हता.

काकांनी आकड्यांपुरती जागा कोरी ठेवून कागद माझ्या हातात दिला. "लायब्ररीत बघून ये, मग भर."

प्रकल्प दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. मी तिथेच उभ्याउभ्या २९८ ते ३१२ लिहिलं. काकांनी ते पाहिलं आणि पुढचा कागद यंत्रात घातला.

आता मी शिकवतो. विद्यार्थ्यांच्या सूचीत तो लेख अजून येतो, पान २९८ ते ३१२. मी बरोबरची खूण करतो. लेख मी अजूनही पाहिलेला नाही.