भट्टीवरची फळी

अंघोळ करताना कानामागे, काखेत, टाचेच्या भेगांत साबण घालता. पण वृषण चिमटीत धरून गाठ आहे का, हे कधी पाहिलंत? खाली बघून हसू नका. पावशेरही हसलाच होता.

अंगाने किरकोळ, म्हणून बेकरीत सगळे त्याला पावशेर म्हणत. वीस वर्षं भट्टीपुढे काढलेली. मळलेल्या पिठात बोट खुपसून तो सांगायचा, फुगायला अजून किती वेळ लागेल. असल्या बोटांना स्वतःच्या अंगातली गाठ कळणार नाही? कळली. वाटाण्याएवढी, कडक, न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि आठ महिने मिठाची गुळणी धरून बसला.

बेकरी थोरल्या भावाची. गाठ वाढून पावशेरची चाल बदलली, तेव्हा तो एकदा म्हणाला, "काय रे, बदकासारखा फाकून चालतोस? अंडं घालणारेस की काय?" सगळी बेकरी खो खो हसली. पावशेर सगळ्यांत मोठ्याने. याला मर्दानगी म्हणतात! गळ्याला फास लागलाय आणि गडी विनोदाला दाद देतोय.

खोकल्यातून रक्त आलं तेव्हा बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "कॅन्सर आहे. पोटात चढलाय, फुफ्फुसांतही ठिपके आहेत. माणूस वाचायची आशा चांगली आहे, पण परवापासून औषध सुरू करायचं, एक दिवसही थांबायचं नाही. औषधाने बीज जळेल. पुन्हा तयार होईल का, कुणी सांगू शकत नाही. मूल हवं असेल तर उद्याच वीर्य गोठवून ठेवा."

बाहेर आल्यावर बायको एवढंच बोलली, "आठ महिने? शेजारी झोपत होतात ना हो माझ्या?"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली देताना बजावलं होतं, "घरून आणलंत तरी चालेल. अंगाच्या उबेत ठेवा, तासाभरात पोचवा."

दुसऱ्या दिवशी बाटली तयार झाली, पण भावाची गाडी पाव टाकून परत यायला वीस मिनिटं होती. खिशात कितीशी ऊब असणार? पावशेर खाली बेकरीत गेला आणि भट्टीवरच्या फळीवर, जिथे तो रोज पीठ फुगायला ठेवी, तिथे त्याने बाटली ठेवली. वर स्वच्छ फडकं झाकलं. उबेत जीव धरतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काच बदलून पुन्हा पाहिलं. "एकही हलत नाही. कुठे ठेवली होतीत?"

"भट्टीवरच्या फळीवर."

"अहो, ते पीठ आहे का!" बाई ओरडल्या, मग आवाज खाली आला. "निसर्गाने ही जागा अंगाबाहेर का टांगली? बीज तयार व्हायला पोटातली ऊबसुद्धा जास्त होते, म्हणून. तुम्ही तर भाजून आणलंत."

पावशेर मटकन खाली बसला. बायकोने दुसरी बाटली मागून घेतली आणि त्याच्या हातात कोंबली. "उठा. आजचा दिवस अजून आहे."

प्रयोगशाळेतली संडासाशेजारची खोली. कडी निसटती, बाहेर रांग. कुणीतरी दार वाजवलं, "झोपलात का?" आत पावशेर भिंतीला डोकं लावून रडत होता. रडता रडता जे जमलं ते पाऊण तासाने घेऊन तो बाहेर आला.

बाईंनी बराच वेळ डोळा हलवला नाही. "तीन हलतायत."

"तीनशे?" बायकोने विचारलं.

"तीन. गोठवते मी. पण वचन मागू नका."

"मला दाखवाल?" पावशेर म्हणाला. तो वाकला. जो जीव वीस वर्षांत कधी बोटाला लागला नव्हता, तो त्याला दिसला: सगळं निपचित, आणि कडेला त्या तिघांतला एक ठिपका शेपटी आपटत जागच्या जागी धडपडत होता. बायकोला बघायला जागा करून द्यावी, हेही त्याला सुचेना. तीच त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाचं सलाईन लागलं.

ते तीन अजून तिथेच गोठलेले आहेत. आणि तुम्ही? आज अंघोळीला गेलात की एक मिनिट द्या, एकेक करून दोन्ही बाजू बोटांनी चाचपा. गाठ लागली तर न हसता, आजच्या आज, घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे चालू लागा.