ट्रान्सफर

मी नहर खात्यातला माणूस. पुण्याकडचे लोक ज्याला कालवा म्हणतात, त्याला आम्ही रायपूरचे मराठी नहरच म्हणतो, आणि अभनपूरकडच्या नहरींवर माझी अर्धी नोकरी गेली आहे. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नाही म्हणून आम्ही शंकर नगरातल्या दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत रिझर्व्ह, ट्यूब, ब्लॉक, लायनिंग असे शब्द काढले आणि मला एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटलं; नहरीच्या काँक्रीटच्या अस्तरालाही आम्ही लायनिंगच म्हणतो. बायको घाबरून बसली होती, मी मात्र मान डोलवत होतो. गर्भाशयाचं लायनिंग पातळ आहे म्हणताच मी "कितने एमएम?" असंही विचारून टाकलं. मॅडमनी माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं. या प्रकरणात मला मिळालेला तो पहिला आणि शेवटचा मान.

परतताना बायकोनं स्कूटरवर मागून विचारलं, एएमएच म्हणजे काय. मी सांगितलं, बाईच्या अंडाशयात बीजं किती उरली आहेत याचा अंदाज. धरणाच्या साठ्यासारखं. तुझा साठा कमी आहे, पण डेड स्टोरेजच्या वर आहे. डेड स्टोरेज म्हणजे धरणाच्या तळाशी राहणारं, कुणाच्याच शेतात न पोचणारं पाणी. मी खरोखर धीर द्यायला बोललो होतो. खांद्यावरचा तिचा हात निघाला तो आम्ही सदर बाजारच्या गर्दीत अडकेपर्यंत परत आला नाही. तिथं चारी बाजूंनी हॉर्न वाजत असताना ती म्हणाली, "मी काय धरण आहो? तुम्हाले समजत नसन तं चूप राहत जा ना."

मग माझी तपासणी झाली. रिपोर्टात लिहिलं होतं, काउंट ठीक, मोटिलिटी कमी. मोटिलिटी हे एखादं व्हिटॅमिन असावं अशी माझी समजूत झाली आणि मी केमिस्टकडं त्याच्या गोळ्याही मागून आलो. बायकोनं तोवर मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. मोटिलिटी म्हणजे शुक्राणूंची चाल.

"तुमच्या नहरीत पाणी आहे," ती म्हणाली, "पण वाहून नाही राहिलं. उतार कमी पडला वाटते, इंजिनिअर साहेब."

आम्ही दोघं इतके हसलो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं. दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं.

आईला काहीच सांगायचं नाही, ही बायकोची अट होती. मागं एकदा तिची पाळी लांबली, तर आईनं त्याच दिवशी अभनपूरच्या मावशीला फोन केला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, खबर झाली. शेजारच्या दीदी लिंबाचं लोणचं देऊन गेल्या. पुढं पाळी आली. मग दारात भेटणाऱ्या प्रत्येकीला 'नाही, तसं काही नव्हतं' हे बायकोलाच सांगावं लागलं. लोणचं बरणीत तसंच राहिलं.

शेवटी आयव्हीएफचं ठरलं. तिची बीजं काढून, बाहेर फलित करून, दोन भ्रूण तयार झाले. एक गोठवून ठेवायचा, एक गर्भाशयात सोडायचा. या सोडण्याला दवाखान्यात ट्रान्सफर म्हणतात. सरकारी नोकराच्या घरात हा शब्द मोठ्यानं उच्चारू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी अंगणात फोनवर नर्सला विचारत होतो, "ट्रान्सफर मंगल को पक्का ना?" मागं आई तिवऱ्याची भाजी निवडत बसली होती.

"कुठं झाली रे?" आईनं विचारलं.

मी गडबडलो आणि म्हणालो, "जगदलपूर."

का म्हणालो, देव जाणे. तेवढ्यात बस्तरातलं तेच लांबचं गाव सुचलं. मग आईनं मंगळवार धरले. मंगळवारी ट्रान्सफर झाली, बायको दोन दिवस पाय जपून टाकत होती, आणि आई रोज दिवा लावून मोठ्यानं मागत होती, "देवा, ही ट्रान्सफर टिकू देऊ नको." बायको शेजारी घंटी घेऊन उभी. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आईले म्हणा ना, दुसरं काही मागा."

मी आईकडं गेलो. ट्रान्सफर कधीकधी चांगलीही असते, असं काहीतरी पुटपुटलो. आई म्हणाली, तुले काय समजते, तुझ्या बाबांच्या ट्रान्सफरींपायी मी किती घरं सोडली ते मले विचार. मी चहा मागून परत आलो.

मग बीटा. बीटा म्हणजे गर्भ रुजला की नाही, ते सांगणारी रक्ताची तपासणी. नर्सचा फोन आला. "सॉरी भैया, बीटा बहुत कम है. नहीं टिका." मी विचारलं, कितना कम? जणू थोडीफार तूट असेल तर मी कुठूनतरी वळवून आणणार होतो. तिनं आकडा सांगितला. मी तो खोलीत जाऊन बायकोला जसाच्या तसा सांगितला.

"आकडा घेऊन काय करू?" ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

एवढे शब्द शिकलो होतो. त्यातला एकही तिच्या पाठीशी बसून बोलण्याजोगा नव्हता. मी पंखा कमी केला, मग वाढवला.

तिनं दुपारचं जेवण घेतलं नाही, तेव्हा आई हळू आवाजात मला म्हणाली की पोरीनं जगदलपूरचं फार मनाला लावून घेतलं. निदान एक घोर तरी मिटावा म्हणून मी सांगितलं, "आई, ट्रान्सफर कॅन्सल झाली."

आईनं दिव्याला हात जोडले आणि थेट कढई चढवली. तूप सोडून शिरा केला, देवापुढं ठेवला आणि बायकोला हाताला धरून बाहेर आणून बसवलं. तिच्या ताटलीत स्वतः वाढला. "ऐकलं बाई देवानं माझं," असं म्हणत तिच्या केसांवरून हात फिरवला. बायकोनं एक घास घेतला. दुसराही घेतला. माझ्याकडं पाहिलं नाही.

"पण पुढं पुन्हा निघाली तं?" आई म्हणाली.

दवाखान्याच्या फ्रीजरमधला दुसरा भ्रूण मला आठवला. बायकोलाही तोच आठवला असावा.

"निघाली तं जाऊ," बायको म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही देवाले काही मागू नका, आई."

"काहून?"

दोघीही माझ्याकडं पाहू लागल्या. मी शिरा खात राहिलो.